दगडावरच्या चपला

आमच्या सरांनी मला उद्देशून काढलेला पहिला शब्द ‘चपला’ हा होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, ‘या बाई’ नाही. मी धरणाच्या काठावर, पोहण्याच्या नव्या पोशाखावर जुना गाऊन चढवून, जीव मुठीत धरून उभी होते. सर गुडघाभर पाण्यात छत्री उघडून उभे होते. पाऊस नव्हता आणि ऊन अजून डोंगरापलीकडेच होतं. त्यांनी वळून पाहिलं ते माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

“चपला.”

“काय म्हणालात?”

“चपला काढा. त्या काळ्या दगडावर ठेवा. मंग बोलू.”

मी ठेवल्या. मग त्यांनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. “बुडायचं भ्या वाटतं का?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, वाटते. खूप वाटते. “मंग जमल तुम्हाला,” म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. माझा प्रवेश झाला होता, हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

मी तिथे गेले ती पाठदुखीपायी. सातपूरच्या बँकेत खुर्चीवर बसून बसून माझ्या कमरेचा पार भुगा झाला होता आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. आधी शहरातल्या तलावावर जाऊन पाहिलं. बायकांच्या वेळेत तिथे पोहणं सोडून बाकी सगळं चालायचं. कठड्याला धरून, गळ्यापर्यंत पाण्यात बसून महिनाभर मी भरल्या मिरचीपासून सुनांच्या माहेरापर्यंत सगळं ऐकलं आणि हात काही कठड्यावरून सुटला नाही. शेवटी तिथल्याच रखवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, खरंच शिकायचं असेल ना, तर धरणावर जा. तिथे एक चक्रम मास्तर आहे.”

चक्रम हा शब्द त्याने जपून वापरला होता असं मला पुढे वाटलं.

धरणाचं पाणी पश्चिमेला जिथे दोन टेकड्यांच्या मधे शिरतं, तिथे त्याला एक खाडीसारखं वळण आहे. वारा तिथवर पोचत नाही. पलीकडच्या टोकाला पर्यटकांच्या मोटारबोटी, तो पिवळा फुगवलेला केळ्याच्या आकाराचा प्रकार, त्यावर बसून किंचाळणाऱ्या मुली, सगळं असायचं. पण वळणाच्या आत पाणी गप्प. तिथे सर रोज सकाळी यायचे. शाळेत पीटीचे शिक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मूळचे सिन्नरकडचे. इतकी वर्षं नाशकात काढून, शाळेत शुद्ध भाषेच्या बाया-बाप्यांबरोबर नोकरी करून त्यांनी आपली बोली तसूभर हलू दिली नव्हती. शहरातल्या तलावाचं नाव काढलं की म्हणायचे, “टाकीतलं पव्हणं म्हंजी बादलीतली आंघोळ. अंग भिजतं, बाकी काय नाय.”

त्यांचा सगळा कारभार त्या काळ्या दगडावर चालायचा. जेवणाच्या टेबलाएवढा सपाट कातळ होता तो. पाण्यात उतरणाऱ्याने चपला त्याच्यावर ठेवायच्या, बाहेर आलं की घालायच्या. दगडावर जेवढे जोड तेवढी माणसं पाण्यात. दगड रिकामा झाला की सर छत्री मिटणार आणि घरी जाणार. तोवर कुणी बोलवो, काही होवो, सर हलायचे नाहीत. बूट घालून येणाऱ्यांसाठी त्यांनी एका पिशवीत जुन्या स्लिपरा आणून ठेवल्या होत्या. एकदा एक डॉक्टर अनवाणी आले. जमिनीचा स्पर्श तळव्यांना हवा, त्याने रक्तदाब सुधारतो, असं काहीतरी त्यांनी वाचलं होतं. सरांनी पिशवीतून एक विजोड जोड काढून त्यांच्या हातात दिला. “घाला. आता काढा. आता ठिवा तिथं.” डॉक्टरांनी मुकाट्याने घातल्या, काढल्या, ठेवल्या.

आणि दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यात कडक. पुण्याच्या एका कंपनीतला तरुण आमच्यात येऊ लागला होता, कमरेला नारिंगी फुगा बांधून छान पोहायचा. त्याने एका सकाळी आपला टॉवेल ठेवायला जागा हवी म्हणून कुणाचे तरी सँडल पायाने बाजूला सरकवले. दगडावरच होते, खाली पडलेही नव्हते. सरांनी त्याला पाण्याबाहेर बोलावलं, त्याच्या चपला त्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, “या तुम्ही.” तो हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. तो परत आलेला आम्ही कधीच पाहिला नाही, कारण सरांनी त्याला येऊ दिलं नाही. मला ते तेव्हा फार आचरट वाटलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलंही, की या माणसाला चपलांचं वेड लागलंय.

लोक अर्थातच गोष्टी रचायचे. सरांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडाला म्हणून हे असे झाले, ही गोष्ट सगळ्यांत लाडकी. मी धीर करून एकदा विचारलं. “माझा भाऊ?” सर म्हणाले. “त्यो सिन्नरला पतसंस्थेत व्हता. आता पडून टीव्ही बघतो.” मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, “बाई, ह्या धरणात दर साली कुणी ना कुणी जातं. पोरं येत्यात, पार्टी करत्यात, उतरत्यात. मी दर बारीला जाऊन बघितलंय. मानूस नसतो, पन काठाला चपला असत्यात. नीट काढून ठिवलेल्या. दोन-दोन तास तिथं असत्यात. सगळे त्यांच्यावरून जात्यात. बघत कुणी नाय.”

त्यानंतर मी चपलांच्या वेडाबद्दल घरी काही बोलले नाही.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. जमिनीवर सगळे ‘तुम्ही’ आणि पाण्यात सगळे ‘तू’. निवृत्त न्यायाधीश असो, की मी असो, की अकरावीतली मुलगी असो. दगडापाशी “या साहेब, बसा साहेब” चालायचं, आणि त्याच साहेबांचं डोकं पाण्यावर दिसलं की, “आरं ए, मान खाली घाल! मान! शाळंत काय शिकला तू?” बाहेर आले की पुन्हा, “दमला असाल, गूळ-शेंगदाणे घ्या.” मला पाण्यात पहिल्यांदा ‘तू’ म्हणाले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली बाई अशी काही लाजले, की एक घोट पाणीच प्यायले.

हातपाय मारणं ते शेवटी शिकवायचे. आधी ‘मढं’. सर काठावरून “मढं!” म्हणून ओरडले की ज्याने त्याने जिथे असेल तिथे उताणं व्हायचं, हात पसरायचे, कान पाण्यात बुडवायचे आणि काहीही करायचं नाही. पाय हलवला तरी शिवी. नव्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. एका आजींनी तर ‘सकाळी सकाळी कसले अभद्र शब्द’ म्हणून तक्रार केली होती. सर म्हणाले, “मढं कधी बुडतं का आजी? बुडतं ते जितं मानूस. धडपड करतं म्हून बुडतं. जो मड्यावानी पडला तो वाचला.” मला ते जमायला पावसाळा उलटून दिवाळी आली. एका सकाळी कमरेतली ती कळ, बँक, सासूबाईंचं दुखणं, सगळं अंगावरून निघून गेलं आणि मी नुसती पडून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी धरणाच्या पाण्यात खपवून दिलं. आयुष्यात मला कुणी इतकी मोठी गोष्ट दिलेली नाही. हे मी सरांना कधी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “पाय वर.”

सर स्वतः पोहताना मात्र कुणाला दिसायचे नाहीत. गुडघाभर पाण्याच्या पुढे जातच नसत. नव्या लोकांना संशय यायचा, की मास्तरांना येतं तरी का? नाना तर त्यांच्या तोंडावर म्हणायचे, “सर, खरं सांगा, तुमी बिगरपाण्याचेच ना?”

नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ, सगळ्याच अर्थांनी. लासलगावला त्यांची कांद्याची आडत होती. ती मुलावर सोपवून, धाकट्या मुलाकडे नाशिकला राहायला आले होते. साखर वाढलेली, पोट पुढे आलेलं, आवाज लिलाव पुकारून पुकारून कमावलेला. पोहायला त्यांना धड यायचं नाही, पण मढं व्हावं ते नानांनीच. ते एकदा उताणे झाले की तासभर हलायचे नाहीत. वळणाच्या पलीकडे एक अर्धं बुडालेलं वाळकं झाड होतं, त्यावर बगळे बसायचे. नाना हळूहळू हात मारत तिथवर जायचे आणि बगळ्यांच्या खाली पोट वर करून पडून राहायचे. सगळ्यात शेवटी बाहेर यायचे ते तेच.

सरांची आणि त्यांची जोडी जमली होती. काठावर “नानासाहेब”, पाण्यात “नान्या”. गावाकडचे दोघे, बायकांच्या दुखण्यांवर आणि भावांवर बोलत बसायचे. नानांच्या मुलाची गाडी त्यांना सकाळी सोडून जायची आणि जाताना ते रस्त्यावर येऊन गिरणारे गावाकडून येणारी रिक्षा पकडायचे.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे मागे जातं. आमचा दगड होता तिथेच राहायचा आणि पाणी लांब. मधला गाळ वाळून भेगाळायचा, आणि आठ वाजले की तव्यासारखा तापायचा. चपला घालून पाण्यापर्यंत जायला बंदी, कारण चपला दगडावरच हव्यात. यावर तोड नानांनी काढली. लासलगावहून कांद्याची रिकामी बारदानं आणली आणि दगडापासून पाण्यापर्यंत अंथरली. सर ती रोज पाण्यात भिजवून ठेवायचे. त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या तळव्यांना कांद्याचा वास यायचा. बँकेत माझ्या टेबलाशी आलेले लोक नाक फेंदारून इकडेतिकडे पाहायचे.

त्याच उन्हाळ्यात मी एक गोष्ट पाहिली. मी लवकर बाहेर येऊन झाडीआड कपडे बदलत होते. सर दगडापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं, नानांच्या चपला उचलल्या आणि मागच्या करवंदीच्या जाळीत, सावलीला नेऊन ठेवल्या. आपल्या हाताने! सरांनी! मी बाहेर येऊन म्हटलं, “सर, नियम?”

सर चोरी पकडल्यासारखे ओशाळले. “रबर तापतं हो बाई. त्याच्या पायाला काय कळत नाय साखरेनं. मागल्या साली तापल्या चपलेनं फोड आला, त्याला ठावंच नाय, मंग बोट काढायची येळ आली व्हती. त्यो बाहेर यायच्या आत मी ठिवितो परत. माझ्या ध्यानात असतंय.”

आणि खरोखर असायचं. नाना बाहेर येईपर्यंत चपला दगडावर हजर. नाना त्या घालून मोठ्याने म्हणायचे, “बघा, सगळ्यांच्या चपला तापत्यात, आपली गार! माल बघून घ्यावा लागतो.” सर दुसरीकडे पाहत शेंगदाणे मोडत बसायचे. मला फार गंमत वाटायची. या कडक माणसाचा हा एवढा एक कोपरा मऊ आहे हे फक्त मला माहीत आहे, याचा थोडा गर्वही वाटायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सरांच्या पत्नीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सरांना वेळेवर पोचायचं होतं. ते सकाळपासून घाईत होते, पण हलत नव्हते. आम्ही एकेक करून बाहेर आलो, चपला घातल्या, निघालो. मीही निघाले. शेवटी दोन मुली राहिल्या होत्या, त्या आल्या, चपला घालून गेल्या. सरांनी दगड पाहिला. दगड रिकामा होता. त्यांनी छत्री मिटली आणि ते गेले.

नाना पाण्यात होते. त्यांच्या चपला जाळीत होत्या.

पुढचं सरांनीच सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पत्नीला आत नेलं, हे बाहेर बाकड्यावर बसले. डोळ्यांच्या त्या विभागात चपला बाहेर काढून जावं लागतं. दाराशी ढीग होता. ते त्या ढिगाकडे बघत बसले होते. कितीतरी वेळ नुसते बघत होते. आणि मग एकदम उठले. बायकोच्या डोळ्याला पट्टी होती, ती आतून “अहो, आहात का?” म्हणत होती, आणि हे जिना उतरून रिक्षात बसले होते.

रिक्षातून त्यांनी नानांच्या घरी फोन केला. नाना घरी आले नव्हते. शनिवारी ते कधीकधी मित्राकडे चहाला थांबत, म्हणून घरात कुणाला काही वाटलं नव्हतं. मग सरांनी मला केला. “बाई, या,” एवढंच. शनिवार असल्याने मी घरीच होते. मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काठावर ट्यूबवर बसून मासे धरणारा, पलीकडच्या पाड्यावरचा एक माणूस उभा होता आणि सर त्याचा दंड धरून उभे होते.

“सकाळीच पाह्यला व्हता मी त्याला,” तो घाबरून सांगत होता. “बगळ्याच्या झाडाखाली. पोट वर करून. मला वाटला, बाबा रोजच्यावानी पडेल हाय. मी दोनदा जवळून गेलो. म्हटलं, कशाला उठवा.”

सरांनी त्याचा दंड सोडला. सदरा काढला, धोतर खोचलं, पायातल्या चपला काढून काळ्या दगडावर ठेवल्या. आणि पाण्यात शिरले. तेव्हा मी सरांना पोहताना पहिल्यांदा पाहिलं. आवाज नाही, पाणी उडणं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस पाण्यातून असा गेला की मागे नुसती एक रेघ उमटत होती. मला त्याही वेळी वाटलं, हे किती सुंदर आहे. आणि असं वाटल्याचा रागही आला.

ते परत आले ते एका हाताने पोहत. दुसऱ्या हाताने त्यांनी नानांची हनुवटी पाण्याबाहेर धरली होती. नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून जिवंत माणसाची धरतात, तशी. मासेवाला पुढे झाला, म्हणाला, “सोडा बाबा, मी वढतो.” सर ओरडले, “मान खाली जाईल त्याची!”

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पाण्यात पडल्या पडल्याच गेले असणार, काही कळलंही नसेल. तिथे कुणी असतं तरी बहुधा उपयोग झाला नसता. नानांच्या मुलांनी ते मानलं. पोलिसांनी मानलं. आम्ही सगळ्यांनी तर धावत जाऊन मानलं. फक्त सरांनी डॉक्टरांना विचारलं, “बहुधा म्हंजी?” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे तसं नक्की सांगता येत नाही.” सरांनी मान हलवली. त्यांना हवं ते, किंवा नको ते, मिळालं होतं.

दहाव्याला गोदावरीवर सर आले. विधी संपून लोक हात-पाय धूत होते तेव्हा ते नानांच्या थोरल्या मुलापुढे उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “चपला मी उचलल्या व्हत्या. नियम माझा, आन् मोडला मी. मी दगड बघितला, पानी नाय बघितलं.” मुलाने त्यांचे हात धरले. “सर, तुमच्यामुळं बाबांना आनंदाचे दिवस मिळाले. मनाला लावून घेऊ नका.” बाकीचेही म्हणाले, वेळ आली होती, तुमचा काय दोष. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. परतताना मला म्हणाले, “एकानं तरी आय-माय उद्धरायची. एवढी मानसं, आन् एकबी नाय?”

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा धरणावर जाऊ लागले. जाळीतल्या नानांच्या चपला त्यांनी आणून दगडावर मधोमध ठेवल्या होत्या. शेजारी बसायचे. पाण्यात उतरायला कुणी धजत नव्हतं. एक-दोघं आले, त्यांना सर नको म्हणाले नाहीत आणि या असंही म्हणाले नाहीत. आमची मंडळी हळूहळू पांगली. कुणी शहरातल्या तलावावर गेलं, कुणी चालायला लागलं. मी रविवारी जायची. पोहायला नाही. मला पाण्याची ओढ वाटेनाशी झाली होती, पण सरांना असं एकटं बसलेलं सोडवत नव्हतं.

दगड रिकामा झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि दगड रिकामा होत नव्हता. संध्याकाळी अंधारून येईपर्यंत ते बसायचे. मग त्यांच्या पत्नी, काळा चष्मा लावून, शेजारच्या मुलाच्या गाडीवरून यायच्या आणि हाताला धरून त्यांना न्यायच्या. “ऑपरेशन माझं झालं आणि वाट यांना दिसेनाशी झाली,” असं मला एकदा म्हणाल्या. रडत नव्हत्या, वैतागल्या होत्या. जेवत नाहीत, झोपत नाहीत, छातीत कफ झालाय, डॉक्टरकडे येत नाहीत. असंच चाललं तर हे टिकायचे नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि ते त्यांच्या परीने बरोबरच होतं. सर त्या थंडीत न्यूमोनियाने गेले.

त्याआधीच्या एका रविवारी मी मागून आले आणि सर बोलत होते. पाण्याकडे बघून, नेहमीच्या, काठावरून द्यायच्या आवाजात. “ए नान्या. बास झालं आता. ये बाहेर तू. ऊन झालं, ये.” मी तिथेच थबकले. जमिनीवरच्या माणसाला सर कधी ‘तू’ म्हणत नसत. त्यांच्या लेखी नाना अजून पाण्यातच होते. मला इतकं भरून आलं की मी तशीच मागे फिरले आणि रस्त्यावर येऊन गाडीला टेकून रडले.

त्याच आठवड्यात मी नानांच्या पत्नींकडे गेले. काकू आयुष्यात कधी धरणावर आल्या नव्हत्या. नानांच्या पोहण्याला ‘तुमचं ते डबक्यातलं डुंबणं’ म्हणायच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन लुगडं बदलून आल्या आणि म्हणाल्या, “चल. दाखव मला तो दगड.”

पाणी चढत होतं. गाळ झाकला गेला होता, बारदानं पाण्याखाली गेली होती, आणि लाट आली की दगडाचा पाय ओला व्हायचा. सर दगडाच्या कडेला बसले होते. काकूंना पाहून उठायला लागले, त्यांना उठवेना. काकूंनी हाताने ‘राहू द्या’ केलं. मग त्या दगडावरच्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या. मोठ्या, पसरट, टाच झिजलेल्या चपला. मला वाटलं आता बांध फुटेल. पण त्या वाकल्या, आपल्या पायातल्या काढून हातात घेतल्या, आणि नानांच्या चपला उचलून जमिनीवर ठेवून त्यांत पाय घातले. त्यांचे पाय अर्ध्यातच संपत होते.

“भाऊजी,” काकू म्हणाल्या, “ते पाण्यात नाहीत. त्यांना आम्ही गोदेवर पोचवलं, तुम्ही स्वतः तिथं व्हता. ह्या चपला माझ्या माणसाच्या, त्या मी घेऊन चालले. झाला दगड रिकामा. तुमचाच नेम आहे ना? आता उठा आणि घरी जा. ती बाई तिकडं एका डोळ्यानं तुमची वाट बघतीये.”

किती नेमकं बोलल्या होत्या. मी मनात म्हटलं, सुटले. सर सुटले. मी पुढे होऊन त्यांची छत्रीसुद्धा उचलली.

सरांनी दगडाकडे पाहिलं. चपला होत्या तिथे, कोरड्या राहिलेल्या जागेवर, तळहात टेकवला. ते काकूंकडे बघून हसल्यासारखं करायला गेले, पण तसं झालं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “त्या दिवशीबी दगड रिकामाच व्हता.”

काकू नवऱ्याच्या त्या मोठ्या चपला घातलेल्या पायांनीच खाली, सरांच्या शेजारी बसल्या. मी हातात छत्री घेऊन उभी राहिले. पाण्यात कुणीही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बगळ्यांच्या झाडापर्यंत एकदा नीट नजर फिरवून घेतली.